पंचमीचं पाणी

अनुसयाबाई भर दुपारी हातात चुन्याचं डबडं घेऊन वाळूत उतरली, तेव्हा सुरूच्या सावलीत पत्ते कुटणारे पुरुष हसले.

"काय वं अनसू, समुद्र जागावरच शे ना?" चुनीलालने हाक मारली.

"जागावर ऱ्हास ती नदी, दादा. हाऊ चालस."

तिने मागे वळून पाहिलंही नाही. सुरतेजवळ डुमसला येऊन सहावा दिवस होता. आल्या दिवशी, चैत्री पुनवेला, तिने भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या फाटकापासून खाली समुद्राकडे एका रेषेत पाच काठ्या रोवल्या होत्या. दोन काठ्यांत तीस पावलं. प्रत्येक काठीला वरपासून खालपर्यंत ओला चुना. पाणी येऊन गेलं की चुना जिथवर पुसलेला दिसेल तिथवर पाणी चढलं, हे समजायला शाळा लागत नाही. कोरीटला ती दर वर्षी हेच करायची. दिवाळीनंतर तापी उतरू लागली की काठाने काठ्या, आठ दिवसांनी बघायचं, आणि नदीने सोडलेल्या वाळूत टरबुजाच्या चऱ्या खणायच्या. भावाच्या घरात तिचं म्हणावं असं एवढंच होतं, नदीतली ती वाडी. वाडीत ती चुकत नसे.

तिसऱ्या काठीजवळ ती उकिडवी बसली आणि पुसलेला चुना हाताने मोजला. काल दोन हात होता, परवा अडीच. पाणी रोज थोडं कमी चढत होतं.

मागून सुगंधा आली. चुनीलालची धाकटी, अठरा वर्षांची, यंदा मॅट्रिकला बसलेली. बंगल्याच्या भिंतीवर पारशी मालकाचं मोठं घड्याळ होतं, ते फुईला, बापाच्या या बहिणीला, वाचून दाखवण्याचं काम तिच्याकडे होतं.

"काल पाणी सगळ्यासमां वर उनं तव्हय कितला वाजनात?"

"सहाला दहा कमी, फुई. परवा पाच. त्याच्या आदल्या दिवशी सव्वाचार. पुनवेला पावणेतीन." सुगंधा शाळेतलं आणि घरातलं दोन्ही एकत्र बोलायची. "रोज पाऊण तास उशीर करतो समुद्र. शाळेत असता तर मास्तरांनी बाकावर उभा केला असता."

"मंग आज?"

"साडेसहाच्या पुढे. पावणेसात धर."

"नि आठे, या काठीजोडे? आज दीड हात." अनुसयाबाईने स्वतःच्या छातीशी हात नेला. "बठेल मानूसले आठेपर्यंत."

सुगंधाने काठीला नवा चुना लावला. बराच वेळ लावत राहिली.

"फुई, आज लग्नाची बैठक शे."

"माहीत शे माले."

"हिलाल वाईट नाही. काल आल्या आल्या त्याने स्वतःच्या बहिणीची पेटी डोक्यावर घेतली, हमालाला दिली नाही. मी खिडकीतून पाहिलं. मला त्याचं काही नाही. पण उद्या नवलदादाचं आणि हिलालच्या बहिणीचं, जमनाचं, वाजलं, ती माहेरी निघून गेली, की तिकडे माझी पेटी भरायची. मी काय केलं म्हणून?"

अनुसयाबाईने चुन्याचं डबडं उचललं. तिच्याकडे उत्तर होतं, पण ते या पोरीला देण्यासाठी नव्हतं.

*

गावात सांगितलं होतं की वत्सलाबाईला दमा आहे, नंदुरबारच्या डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली आहे. वत्सलाबाई चुनीलालची बायको. दमा खराच होता. पण दम्यासाठी कोणी मुलासाठी नवं धोतर आणि मुलीसाठी जरीचं पातळ घेऊन आगगाडीत बसत नाही. नवलची एक सुपारी गेल्या साली मोडली होती आणि त्याचा गावभर बोभाटा झाला होता. या वेळी चुनीलालला साक्षीदार नको होते. काल दुसऱ्या बंगल्यात येऊन उतरलेले तळोद्याचे हिंमतराव मुलगी द्यायला तयार होते, एका अटीवर. जमना नवलला, तर सुगंधा त्यांच्या हिलालला. साटं. मुलीच्या बदल्यात मुलगी.

साट्याची बैठक यांच्याकडे कोणाच्याच घरी होत नसे. दोन्ही बाप मुलीचे बाप आणि दोन्ही बाप मुलाचे बाप. मग कोणी कोणाच्या दारात जायचं आणि कोणी कोणाच्या पायाला पाणी घालायचं? म्हणून बैठक नदीच्या वाळूत, दोन्ही गावांच्या मधोमध. चैत्र-वैशाखात तापीचं पात्र एवढं पसरलेलं असतं की त्यात लग्नाच्या पंगतीसुद्धा उठतात. पाणी एका कडेला जाऊन झोपतं ते मृगाशिवाय उठत नाही.

तीन वाजता सुकलाल आप्पा, दोन्ही घरांना जोडणारा मध्यस्थ, मनगटावरचं घड्याळ सांभाळत वाळूत फिरून आला.

"जागा सापडनी," तो म्हणाला. "तुम्हना बंगला नि हिंमतभाऊना बंगला, दोन्हीसपाईन सारखी दूर. घट्ट वाळू. जाजम टाका, बठा."

"कोठे?" अनुसयाबाईने ओट्यावरून विचारलं. ती ताटात सुपाऱ्या लावत होती. सुपारीचं ताट मुलांच्या फुईने न्यायचं. तिचा नवरा मेलेला नव्हता, कपाळाला कुंकू होतं, तेव्हा ताट तिच्याकडून काढून घ्यायला कोणाला सबब मिळाली नव्हती.

"तुन्ही तिसरी काठी शे ना, तिन्हा मागेच."

"तठे पाणी येई, आप्पा."

सुकलालने मनगट पुढे केलं. "पुनवेले पाणी कव्हय उनं व्हतं? पावणेतीनले. मी सोता दखं. आत्ते कितला वाजनात? तीनवर पाच. पाणी कोठे शे दखा बरं."

पाणी खरंच लांब होतं, चौथ्या काठीच्याही पलीकडे.

"रोज उशिरानं येस ते. आज पावणेसातले येई. तठे पाच-साडेपाचपाईनच लागी."

"आनि कचरानी रेघ दखी का तू?" चुनीलाल म्हणाला. "पुनवेले कचरा फाटकजोडे. दुसऱ्या दिनले त्यान्हा खाले, तिसऱ्या दिनले आखो खाले. उतरी ऱ्हायनं पाणी. पूर उतरस तसं." मधले दोन दिवस तो, नवल आणि सुकलाल सुरतेच्या बाजारात होते, उरलेल्या दुपारी ते घोरत होते. त्यांनी समुद्र पाहिला होता तो एवढाच. "अनसू, हाई आपली तापीच शे. आठून दोन कोसवर तिन्हं मुख शे. कोरीटनं पाणी वळखस मी."

"कोरीटनं वळखस तू. हाई आठलं शे."

"बाईमानूसनं काठ्या मोजानं नि आम्हीन बैठक मोडानी का?" सुकलाल हसला. नवल हसला नाही. तो बावीस वर्षांचा होता, बापासारखाच उंच, आणि गेले सहा दिवस कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

पुरुष हिंमतरावांच्या बंगल्यावरून जाजम आणायला गेले. वत्सलाबाई दाराशी डोक्यावरचा पदर सारखा करत उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, जागानं सांगानं ते सांगी दिन्हं. बैठकम्हा काही बोलू नका."

"वहिनी, तू या घरम्हा कव्हय उनी?"

वत्सलाबाईला प्रश्न कळला. तिने मान खाली घातली. "अडतीस सालले."

"मी सदतीसले परत उनी," अनुसयाबाई म्हणाली आणि ताटावर फडकं टाकलं.

*

साडेचारला सगळे बसले. जाजमाच्या एका बाजूला चुनीलाल, नवल, सुकलाल. समोर हिंमतराव, पांढरा फेटा, पिळदार मिशा, पायांत चामड्याचे करकरीत जोडे. जोडे त्यांनी जाजमाच्या कडेला व्यवस्थित जोडून ठेवले. त्यांच्या शेजारी हिलाल, रुंद खांद्यांचा, गप्प. बायका एका अंगाला पदर ओढून. जमना आपल्या बापामागे, सुगंधा आपल्या आईमागे. मध्ये ताट, ताटामागे वाळूतच अनुसयाबाई.

आधी हवापाण्याचं झालं. सुरतेची मिठाई झाली. मग कपाशी. केळी लावावी की ऊस, यावर हिंमतराव बराच वेळ बोलले. मुद्द्यावर यायची कोणालाच घाई नव्हती, कारण मुद्दा ठरलेलाच होता. सव्वापाचच्या सुमाराला सुकलालने खाकरून घसा साफ केला.

"ते मंग, दोन्ही सुपाऱ्या संगेच फोडूत. अनुसयाबाई, ताट पुढे करा."

अनुसयाबाईने ताट उचललं आणि मांडीवर घेतलं.

"आधी एक इचारनं शे."

"फोडी झाल्यावर इचार," चुनीलाल म्हणाला.

"फोडी झाल्यावर इचारीसन काय फायदा? हिंमतभाऊ, तुम्हले इचारस. उद्या जमना नि नवलनं पटनं नही. जमना माहेरले उनी, परत जास नही म्हने. तव्हय आम्हनी सुगंधानं तुम्ही काय करशात?"

हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "चांगला दिन शे. वाईट कसाले बोलानं?"

"वाईट नही, खरं इचारस. नि दादा, तुले बी. सुगंधा परत उनी ते जमनाले ठेवशी का पाठाडशी?"

दोन्ही बापांनी सुकलालकडे पाहिलं. सुकलाल हसून म्हणाला, "बाई, असं आतेच कोनी सांगस का?"

"माले कोनीच सांगं नव्हतं. म्हनीसन इचारस." तिचा आवाज चढला नव्हता. "हिंमतभाऊ, तुम्हले माहीत नसी. चोवीस वरीस पहिले मी साटाम्हा दियेल व्हती. मन्हा नवरानी बहीन, गजरा, या मन्हा दादाले. दादानं नि तिन्हं पटनं नही. ती चालनी गयी. तिसऱ्या दिनले दादा माले लेवाले उना. मन्हा नवरा, दगा नाव त्यान्हं, वावरम्हा पाणीनं बारे देई ऱ्हायना व्हता. त्याले माहीतच नही. मी म्हनं, सांज व्हऊ द्या, तो येई, त्याले सांगीसन जास. दादानी थांबू दिन्हं नही. दगा मानूस वाईट नव्हता, भाऊ. वाईट ऱ्हाता ते मी आज आठे बोलतीच नही."

जमनाने पदराच्या आतून मान वर केली. हिलाल पहिल्यांदा अनुसयाबाईकडे सरळ पाहू लागला.

चुनीलालने ताटाकडे हात केला. "जुनं उकरानं आठे गरज नही. ताट ठेव."

आणि त्याच वेळी सुकलालने बूड उचललं. जाजमाची समुद्राकडची कड ओली झाली होती.

"हाई काय?"

पाणी आलं होतं. लाट म्हणावी असं काही नव्हतं, सपाट वाळूवरून चालत्या माणसाच्या गतीने एक पातळ कड सरकत आली, जाजमाखाली शिरली आणि मागे न जाता तिथेच थांबली. दुसरी तिच्या पाठोपाठ. हिंमतरावांचा एक जोडा उलटला. सुकलालने घड्याळाचा हात वर धरला.

"उठा! उठा! भरती उनी!"

एकच धांदल झाली. नवलने आईला धरलं, हिलालने जाजम ओढलं. वत्सलाबाई खोकत, पदर तोंडाला लावून मागे पळाली. हिंमतराव एका हातात एक जोडा आणि दुसऱ्या हातात धोतराचा सोगा घेऊन वर गेले. दुसरा जोडा तरंगत होता, तो सुगंधाने पकडून त्यांच्या हातात दिला. पन्नास-साठ पावलं मागे कोरड्या वाळूत सगळे पोचले आणि वळून पाहू लागले.

अनुसयाबाई जिथे होती तिथेच बसली होती. मांडी घातलेली. मांडीवर ताट, ताटात दोन सुपाऱ्या, खोबरं आणि अडकित्ता. पाणी तिच्या घोट्यांवरून गेलं.

"अनसू!" चुनीलाल ओरडला.

"बठेल शे मी! उत्तर द्या, मंग उठस!"

"येडी शे का तू? समुद्र शे तो!"

"मघाशी तू तापी म्हनत व्हतास!"

नवलच्या तोंडून हसू फुटलं. बापाने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच विरलं.

*

पाणी मांडीवर आलं तेव्हा अनुसयाबाईने ताट छातीशी उचललं. तिला पाण्याची भीती नव्हती. दीड हात. काठी तिच्या डाव्या हाताला दोन वावांवर होती, चुना अजून खालीच पुसला जात होता. हे पाणी बसलेल्या माणसाला बुडवणार नाही, एवढं तिला आपल्या हातांइतकं ठाऊक होतं. काठावरच्या माणसांना ते ठाऊक नव्हतं. तिने तीन वाजता सगळ्यांदेखत सांगितलं होतं. ऐकलं नाही हा त्यांचा प्रश्न होता.

खरी अडचण थंडीची होती. दिवसभर तापलेल्या वाळूवरून आलेलं पाणी आधी कोमट लागलं, मग कमरेशी गार झालं. पातळ जड झालं. पायाखालची वाळू थोडी थोडी निघून जात होती आणि ती तसूतसू खाली बसत होती. हे तिने मोजलं नव्हतं. तिने टाचा रोवल्या.

काठावर आवाज चढले होते. वाऱ्याने त्यातले काही तिच्यापर्यंत येत होते.

"हाई धमकी शे," हिंमतराव म्हणत होते. "असल्या घरम्हा मी पोर देऊ?"

"तुम्ही उत्तर द्या ना भाऊ, तोंडदेखलं का होईना," सुकलाल म्हणत होता. "पोरगी परत उनी तरी सुनले काही करस नही, म्हनी टाका. बाई उठी."

"आबा, खोटं नका सांगू." हा जमनाचा आवाज होता. बारीक, पण प्रत्येक शब्द सुटा. "काय करशात ते सांगा."

हिंमतराव लेकीकडे वळले. बैठकीत मुलगी बोलते हे त्यांना नवं होतं. "काय करानं? जगनी रीत शे ती करसू. मन्ही पोर मन्हा घरम्हा बठी, ते त्यासनी पोर मन्हा घरम्हा कशी नांदी?"

झालं. बोलून गेले आणि त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं.

"ऐकलं का बापू?" सुगंधा म्हणाली. "मला साट्यात द्यायचं नाही. हिलालशी माझं भांडण नाही. उद्या तो एकटा मागणी घालायला आला, तर मी विचार करेन. बदल्यात मी जाणार नाही."

"तुले कोनी इचारं?"

"कोणी नाही. म्हणून सांगते."

"बापू," नवल म्हणाला. "मन्हा करता तिले देऊ नका. मन्ही पहिली सुपारी मोडनी तव्हय मी मरना नही. दुसरी मोडनी तरी मरत नही."

चुनीलाल एकेकाकडे पाहत राहिला. सहा दिवसांत त्याच्या हाताखालून हे सगळं कधी निसटलं ते त्याला कळेना. वाडीत राबणारी बहीण, खाली मान घालून हिंडणारा पोरगा, घड्याळ वाचणारी पोरगी. तेवढ्यात त्याच्या दंडावर हात पडला. वत्सलाबाईने लग्नानंतर चारचौघांत नवऱ्याला हात लावला तो हा पहिला.

"जा," ती म्हणाली. तिला धाप लागली होती, एकेक शब्द वेगळा येत होता. "बावीस वरीस त्या बाईनी मन्हा पोरं वाढायात. मी खोकत पडू, ती रांधे. तिन्हं घर मोडनं, तव्हय मन्हं घर व्हयनं, हाई माले पहिल्या दिनपाईन माहीत शे. जा तिले आन."

*

चुनीलाल पाण्यात उतरला. नवं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. तो वाकला आणि त्याने बहिणीचं मनगट धरलं.

"ऊठ. जीव देशी का?"

"नही. जीव देवाना ऱ्हाता ते घरनी विहीर जोडे व्हती. हात सोड."

"ऊठ म्हनस ना!"

"याच हातले धरेल व्हतं तू," अनुसयाबाई म्हणाली. पाणी तिच्या फासळ्यांना लागत होतं. ताट तिने दुसऱ्या हाताने खांद्यावर घेतलं होतं, पाणके घडा घेतात तसं. "मी उंबराले धरेल व्हती, तू बोटं सोडायात. एकेक. गजरा तुन्हावर रुसीसन गयी. मी कोनवर रुसनी व्हती, दादा?"

त्याची पकड सैल झाली, पण हात सुटला नाही.

"बापूनी सांगं व्हतं माले," तो म्हणाला. "मी बावीस वरीसना व्हतो. बापूले नही म्हनानी छाती व्हती का कोनी?"

"नव्हती. माले माहीत शे. आते बापू नही शे. आते तू बापू शे."

एक लाट आली, आतापर्यंतच्या सगळ्यांहून मोठी. ती अनुसयाबाईच्या खांद्याला लागून फुटली आणि तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळलं. चुनीलाल घाबरून तिच्या आणि समुद्राच्या मध्ये उभा राहिला, जणू पाठीने तो अडवणार होता. तिने खारं पाणी थुंकलं.

"दगा उना व्हता," ती म्हणाली. "आठ दिननंतर. तू व्हता ना घरम्हा?"

"व्हतो."

"बापूनी त्याले बाहेरच उभं ठेवं. मी कोठीम्हा. माले कडी लायेल. त्यानी मन्हं नाव घिसन हाक मारी. दोनदाव. कडी तू लायेल व्हती का बापूनी?"

चुनीलालने तिचं मनगट सोडलं. काठावर कोणी तरी त्याला हाका मारत होतं.

"मी," तो म्हणाला.

चोवीस वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित त्याच घरात राहणं अवघड झालं असतं. आता विचारून झालं होतं आणि तिला रडू आलं नाही. उलट पाठ ताठ झाली.

"मंग आते तू सोता उघड. सुगंधानी कडी."

"नही देत," तो पुटपुटला. "साटाम्हा नही देत तिले. चाल, ऊठ."

"माले काय सांगस? मी कोन? त्यासले सांग. मोठा आवाजम्हा सांग."

"घरी जाईसन सांगसू..."

"आठून."

चुनीलाल काठाकडे वळला. कोरीटच्या पंचायतीत ज्याचा आवाज चावडीबाहेर ऐकू जायचा त्याचा पहिला शब्द वाऱ्यात विरला. हिंमतरावांनी कानामागे हात धरला.

"काय?"

"साटं नही!" चुनीलाल ओरडला. त्याचा आवाज फाटला. "पोर बदलाम्हा देत नही! नवलकरता जमना द्यावानी व्हई ते द्या! नही ते ऱ्हाऊ द्या!"

सुगंधाने दोन्ही हात तोंडावर धरले. सुकलाल डोक्याला हात लावून वाळूत बसला.

हिंमतरावांनी फेटा सरळ केला. "साटं नही, ते पोर बी नही," ते म्हणाले आणि हातातले जोडे खाली टाकून त्यांत पाय घातले. एक जोडा ओला होता, तो दोनदा ओढावा लागला. "हिलाल, जाजम घे. जमना, चाल."

हिलालने जाजमाकडे पाहिलं आणि ते उचललं नाही. "आबा, मी बदलाम्हानी बायको नही मांगी व्हती," तो म्हणाला. आल्यापासून त्याने उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

"तुले इचारं नही. जमना!"

जमनाने डोक्यावरचा पदर मागे सारला. तिचं तोंड लाल झालं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि उभी होती तिथेच, कोरड्या वाळूत, मांडी घालून बसली.

"माले नवल पसंत शे, आबा. बदलाम्हा सुगंधा नको, असं म्हना. नही ते मी आठून हालस नही."

"ऊठ! नही ते उचलीसन लई जासू!"

त्यांनी दोन पावलं टाकली. ते उचलून नेणारे होते, यात काही शंका नव्हती. पाण्यातून अनुसयाबाईची हाक आली, वाडीत गाई घुसल्यावर ती मारायची तसली, सगळ्या काठावर ऐकू जाणारी.

"जमना! तठे नको बठू, पोरी! तठे पाणी येत नही! आठे ये, मन्हाजोडे!"

जमना उठली आणि पळत सुटली. पाण्याशी ती क्षणभर थबकली, तिने आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. मग पातळाचा सोगा खोचून ती आत शिरली. घोटे, गुडघे. चुनीलालच्या बाजूने ती त्याच्याकडे न पाहता गेली आणि अनुसयाबाईच्या शेजारी धपकन बसली. पाणी तिच्या गळ्याशी आलं, कारण ती ठेंगणी होती. तिने श्वास ओढला आणि अनुसयाबाईचा हात घट्ट धरला.

"आखो वाढी का?" तिने विचारलं.

"चार बोटं," अनुसयाबाई म्हणाली. "मंग थांबी. हनवटी वर धर."

चुनीलाल दोघींच्या मागे तसाच उभा होता, पाठ समुद्राकडे.

हिंमतराव पाण्याच्या कडेशी येऊन थांबले. त्यांनी लेकीला दोनदा नावाने हाक मारली, दुसऱ्यांदा विनवणीने. पाण्यातल्या दोघींपैकी कोणीच उठलं नाही. कड त्यांच्या जोड्यांच्या टोकांना लागली, ते एक पाऊल मागे सरले, ती पुन्हा लागली. मग ते खाली वाकले आणि जोडे काढू लागले.